लून दाखवणारी पहाटेची होडी: पैसे वसूल, फक्त ते रेलिंग कमी करा

तक्रार आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कौतुक मोकळेपणानं करता येईल. लून म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवरचा, बुडी मारून मासे धरणारा काळा-पांढरा पक्षी. तो दाखवणारी ही होडी पाँटून प्रकारची आहे, पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट डेकची, स्थिर, अजिबात न डुलणारी. पण चारी बाजूंना कमरेएवढं रेलिंग. बाकावर बसलं की आडवी दांडी नेमकी लेन्सच्या तोंडाशी येते आणि उभं राहिलं की आपण पक्ष्याच्या डोक्यावरून खाली बघतो. लून पाण्यात खोल बसून पोहतो, त्याच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आला तरच फोटोत जीव येतो. पुढचं फाटक उघडून डेकवर मांडी घालायची सोय आहे, पण जागा दोघांची आणि प्रवासी सहा. कप्तान घड्याळ लावून आळीपाळीनं बसवतो. वाद होत नाहीत, पण आपली पाळी संपते आणि नेमका तेव्हाच पक्षी समोर येतो.

हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या लेक्स रीजन या तळ्यांच्या भागातलं एक तळं. त्याचं आणि होडीवाल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घरट्याच्या जागा नकाशावर टाकून वाटायच्या नसतात, आणि या भागात अशा सफरी बऱ्याच आहेत. निवडताना काय बघायचं ते सांगते.

माणशी ८० डॉलर, अडीच तास, धक्क्यावरून पहाटे पाचला निघायचं. जुलैच्या सुरुवातीला इथे सूर्य पाचनंतर लगेच उगवतो, त्यामुळे ही वेळ बरोबर आहे. नऊ वाजताची स्वस्त फेरीही आहे, पण फोटो काढणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये. तोवर ऊन डोक्यावर येऊ लागतं, स्पीडबोटी सुटतात आणि लूनचा तो लाल डोळा काळ्या डोक्यात हरवून जातो. पहाटेचं तिरकं ऊन पडलं तरच तो पेटतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. हा कप्तान पक्ष्याच्या मागे होडी नेत नाही. जोडी दिसली की दीडशे फुटांहून बरंच लांब असतानाच इंजिन बंद करतो आणि थर्मास उघडतो. आमच्यात एक गृहस्थ होते, हातात भलीमोठी झूम लेन्स, सारखं चाललेलं, "थोडं पुढे घ्या ना." कप्ताननं शांतपणे सांगितलं, "मी पुढे गेलो तर तो बुडी मारेल आणि तुम्हाला पाणी मिळेल. थांबलो तर कुठे वर येईल ते त्याचं तो ठरवेल." आणि तसंच झालं. नर बुडाला आणि थोड्या वेळानं होडीच्या इतका जवळ वर आला की माझी ५०० मि.मी.ची लेन्स मोठी पडली. चोचीत बोटाएवढा मासा. मादीच्या पाठीवर दोन काळपट पिल्लं, त्यातल्या एकानं मान काढून तो मासा घेतला, पाडला, पुन्हा घेतला. आपल्याकडे फ्लेमिंगोंचा थवा उडवून "फ्लाइट शॉट" मिळवणाऱ्यांबरोबर मी होड्यांतून फिरले आहे. त्यांच्यापैकी एकेकाला या होडीत आणून बसवावंसं वाटलं.

कप्तान नुसता गप्प बसत नाही, शिकवतोही. निवृत्त विज्ञानशिक्षक आहे, ते लपत नाही. लूनचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात, म्हणून पाण्याखाली तो पट्टीचा पोहणारा आणि जमिनीवर जवळपास लंगडा. त्यामुळे घरटं पाण्याला चिकटून, आणि वेगात गेलेल्या बोटीच्या लाटेनं अंडी वाहून जाऊ शकतात. हाडं बहुतेक पक्ष्यांसारखी पोकळ नसून बरीचशी भरीव, बुडी मारायला सोयीची. उडायचं म्हटलं की मात्र पंख मारत पाण्यावरून लांबवर धावावं लागतं. लूनचे चार आवाज कप्तान ओळखायला लावतो: लांब आर्त हाक, थरथरतं हसू, घरच्यांशी बोलायचा हळू हुंकार, आणि हद्द सांगणारा योडल. योडल फक्त नर करतो आणि प्रत्येक नराचा वेगळा असतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याला सक्त मनाई. घरट्यावरच्या लूननं मान पाण्यालगत सपाट केली की ती "विश्रांती घेतोय" म्हणून टिपायची नसते, आपण फार जवळ आलोय एवढाच तिचा अर्थ.

फोटोचं मार्गदर्शन मात्र सफरीत नाही, ते आपलं आपण. म्हणून थोडं सांगते. पांढरी छाती, काळं डोकं आणि भोवती गडद पाणी, म्हणजे कॅमेरा हमखास फसतो आणि छाती जळते, नुसती पांढरीफटक येते. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, डोक्यातला तपशील नंतर उचलता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. तिपाई घरी ठेवा, डेकवर कोणी पाय हलवला तरी ती हलते. आणि पक्षी कुशीवर वळून पिसं साफ करायला लागला की बोट बटणावर ठेवून बसा, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. साफसफाई आटोपली की बहुतेकदा तो पाण्यातून छाती वर काढून पंख झाडतो. या फोटोसाठी नशीब लागत नाही, फक्त साफसफाई संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही.

परतताना गळ टाकून बसलेल्या एका मुलापाशी कप्ताननं होडी हळू केली आणि त्याच्या डबीतली, गळ बुडवायला लावतात ती वजनं कशाची आहेत ते विचारलं. शिशाची निघाली असती तर बदलून द्यायला कप्तानकडे कथलाच्या वजनांची पुडी होती. एक औंस किंवा त्याहून हलकी शिशाची वजनं विकायला आणि वापरायला या राज्यात २०१६ पासून बंदी आहे, तरी जुन्या डब्यांतून ती निघतातच. अन्न दळायला लून तळातले खडे गिळतो, त्यात असं एखादं वजन गेलं किंवा गळासकट मासा पोटात गेला की शिशाची विषबाधा होते. इथल्या प्रौढ लूनच्या मृत्यूंचं हे एक मुख्य कारण आहे. राज्यातल्या लूनची मोजदाद आणि घरट्यांचं रक्षण करणारी लून प्रिझर्व्हेशन कमिटी १९७५ पासून काम करते. घरट्याभोवती दोरी आणि पाट्या दिसल्या तर त्या बहुधा त्यांच्याच. आमच्या होडीनं अशा एका दोरीला लांबूनच वळसा घातला.

किरकोळ गोष्टी. लाइफ जॅकेट स्वच्छ, पण जाड, ते घालून कॅमेरा खांद्याला टेकत नाही. आधीच कळवलं तर कमरेचा पातळ प्रकार मिळतो. होडीवर स्वच्छतागृह नाही, तेव्हा कप्तानच्या कॉफीला बेतानंच हो म्हणा. पावसानं सफर रद्द झाली तर पैसे परत, वाऱ्यामुळे झाली तर फक्त दुसरी तारीख देतात. लांबून येणाऱ्यांवर हा अन्याय आहे आणि मी तसं त्यांना लिहून दिलंय.

पाठीवर बसलेली पिल्लं हवी असतील तर जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हीच वेळ. पहिल्या दोनेक आठवड्यांनंतर ती पाठीवर फारशी चढत नाहीत. पाचपैकी साडेचार तारे. रेलिंगला एक खालची खिडकी पाडली तर उरलेला अर्धाही देईन.