'बिटर ग्रीन्स': सात महिने, दोन वाचनं

पहिल्यांदा वाचून संपवलं तेव्हा जी भेटेल तिला सांगत सुटले होते, ‘व्हेनिससाठी वाच.’ सात महिन्यांत दुसरं वाचन झालं आणि आता म्हणते, मठासाठी वाच.

ऑस्ट्रेलियन लेखिका केट फोर्साइथ यांची २०१२ची ही कादंबरी म्हणजे बुरुजात कोंडलेल्या लांब केसांच्या रॅपुन्झेलची गोष्ट, पण ‘कोणे एके काळी’वाली नाही. शार्लोट-रोझ द ला फोर्स ही खरीखुरी लेखिका. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची मर्जी गेली आणि दरबारातून उचलून तिला मठात धाडलं. अंगावरचे रेशमी कपडे जाऊन जाडंभरडं कापड आलं. तिथल्या बागेत मातीत हात घालणारी एक म्हातारी नन तिला तुकड्यातुकड्यांनी मार्गेरिताची, म्हणजे इथल्या रॅपुन्झेलची, कहाणी सांगते. व्हेनिसमधला मुखवटे बनवणारा बाप, शेजारणीच्या बागेतून चोरलेला मूठभर पाला, आणि त्यापायी गमावलेली लेक. मग गार्डा सरोवराकाठचा बुरूज.

पहिल्या वेळी मी मठाची प्रकरणं भराभर उलटली होती, कधी एकदा बुरूज येतो म्हणून. दुसऱ्यांदा कळलं, बुरूज तर पहिल्या प्रकरणापासूनच आहे. शार्लोट-रोझ प्रोटेस्टंट घरातली. लुईने १६८५मध्ये प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मोकळीक देणारा नांतचा फतवा रद्द केला आणि त्या पंथाच्या लोकांना धर्म बदला नाहीतर भोगा, एवढंच उरलं. तिने धर्म बदलला. त्या पानांवर मी बराच वेळ अडून बसले. फोर्साइथ तिला ना माफ करते ना झोडपते.

प्रियकराला भेटायला ती अस्वलाचं कातडं पांघरून गेली, हा प्रसंग मला अतिरंजित वाटला होता. नंतर शोधलं तर हा किस्सा तिच्याबद्दल खरोखरच सांगितला जातो.

पाल्याचीही गंमत आहे. शार्लोट-रोझने स्वतः हीच गोष्ट लिहिली होती, तिच्यातली मुलगी ‘पेर्सिनेत’, म्हणजे पार्सलीवरून. त्याआधी नेपल्सचा कथाकार बाझिले याच्याकडे ‘पेत्रोसिनेल्ला’, तीही पार्सलीच. जर्मनीत पोचल्यावर भाजी बदलली आणि ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकात ती रॅपुन्झेल म्हणून आली, हेही एका पालेभाजीचंच नाव. पार्सली म्हणजे आपल्या कोथिंबिरीची परदेशी चुलतबहीण. जुडीवर फुकट मिळणाऱ्या चार काड्यांसाठी पोर जाते, हे मनात आलं आणि मंडईत उगाच हसू फुटलं.

आता कुरकुर. तिसरा धागा ‘चेटकिणी’चा, म्हणजे सेलेनाचा. चित्रकार तिशियनसमोर बसणारी, म्हातारपणाला घाबरलेली बाई. तिची भीती पटते, पण तिच्यावर गुदरलेल्या अत्याचारांचे तपशील दोन्ही वेळा मला सोसले नाहीत. दुसऱ्यांदा सरळ पानं गाळली. दरबारातली प्रेमप्रकरणंही एखाददुसरं कमी चाललं असतं. आणि नावं! इतकी फ्रेंच नावं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढावी लागली. मी ऑनलाइन मागवलेल्या प्रतीतली अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि बांधणी तिसऱ्या महिन्यातच सुटली. शक्य असेल तर ई-बुक घ्या.

लहानांच्या हाती मात्र देऊ नका. माझ्या सात वर्षांच्या लेकीला मी फक्त पाल्याचा भाग सांगितला. मग तिच्या हट्टापायी सुपरमार्केटमधून पार्सलीची जुडी आणली. तिने एक पान चावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “आई, ह्याच्यासाठी?”