गाईड ठीक, पण ‘जबाबदार कोण?’चं उत्तर कच्चं

नातीच्या बी.ए.च्या इंग्रजीसाठी कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका दुकानातून शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकाचं हे गाईड घेतलं. डावीकडं मूळ इंग्रजी, उजवीकडं मराठी अर्थ, मागं प्रश्नोत्तरं. टाईप मोठा आहे आणि मराठीही सरळ, जडजंबाल नाही. रोमिओ आणि ज्युलिएटच्या घराण्यांचं वैर समजावायला मात्र तीन पानं खर्ची घातलीत. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फुटबॉल फायनल बघितलेल्या पोराला त्यातली एक ओळही नको. पहिल्याच प्रवेशात एका घरचा नोकर दुसऱ्यांना अंगठा चावून दाखवतो आणि तलवारी निघतात, तेवढ्यावर त्याला सगळं कळतं.

माझी तक्रार मागच्या प्रश्नोत्तरांबद्दल आहे. ‘या मृत्यूंना जबाबदार कोण?’ हा म्हणे हमखास येणारा प्रश्न. छापील उत्तर असं: नशीब, कारण ज्युलिएट मेली नाही, नुसती झोपलीय, हे रोमिओला कळवणारं पत्र वाटेत हरवलं.

माझी सगळी नोकरी टपालाचा बटवडा करण्यात गेली. पत्र हरवलं म्हटलं की पहिलं बोट पोस्टमनकडं जातं. म्हणून नातीला मूळ ओळी वाचायला लावल्या. पत्र हरवलेलंच नाही! जॉन नावाचा साधू ते घेऊन निघाला होता. वाटेला सोबत म्हणून तो आपल्याच पंथाच्या एका साधूला शोधत गेला. तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत होता. प्लेगच्या संशयानं तपासनिसांनी दारं बंद करून दोघांनाही आत कोंडलं. 2020 साली कोरोनात लोखंडी पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्यांतून आपण गेलोय, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही. लागण होईल या भीतीनं पत्र परत न्यायलाही कुणी मिळेना. शेवटी जॉननं ते जसंच्या तसं पाठवणाऱ्याच्या हातात ठेवलं. याला गहाळ टपाल म्हणत नाहीत. जॉन निर्दोष.

पाठवणारे लॉरेन्स, म्हणजे दोघांचं लग्न गुपचूप लावणारे फ्रायर (साधू). रोमिओ हद्दपार होऊन मॅन्ट्युआला निघाला तेव्हा यांनीच शब्द दिला होता, की तुझ्या माणसाला गाठीन आणि त्याच्याकडून वेळोवेळी खबर पाठवीन. तो माणूस म्हणजे रोमिओचा नोकर बाल्थझार. पुढं ज्युलिएटचं दुसरं लग्न टळावं म्हणून लॉरेन्सनी तिला बेचाळीस तास मेल्यासारखं झोपवणारं औषध दिलं, आणि बाल्थझारला एका शब्दानं सांगितलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं तिला पुरताना बघितलं आणि थेट मॅन्ट्युआ गाठलं. रोमिओचा पहिला प्रश्न, फ्रायरकडून पत्रं आणलीस का? निघताना तो परत तेच विचारतो. म्हणजे पोरगा ठरलेल्या माणसाकडून टपालाची वाट बघत होता, आणि पाठवणाऱ्यानं माणूसच बदलला होता. आता यात नशीब कुठं आलं?

त्यात ज्युलिएटच्या बापानं पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवलेलं तिचं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं. पत्राच्या हातातला एक दिवस तिथंच गेला. पोरगी चौदाचीही नव्हती. गाईडमध्ये या एका दिवसाचा उल्लेखच नाही. मेलेल्यांच्या यादीत रोमिओची आईही नाही. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं गेली ती.

ज्युलिएट मेली समजून रोमिओनं ज्याच्याकडून विष घेतलं, त्या विकणाऱ्याला मात्र गाईडनं अर्धं पान झोडपलंय. मॅन्ट्युआत विष विकलं तर देहदंड, समोर चाळीस डुकाट (सोन्याची नाणी), आणि तो म्हणतो की माझी गरिबी कबूल होते, मन नाही. त्याला मी सोडतो. शेक्सपिअरच्या आधी, 1562 साली आर्थर ब्रूकनं याच कथेवर काव्य लिहिलं. त्यात विषवाला फासावर जातो, ज्युलिएटच्या दाईला हद्दपारी होते आणि लॉरेन्स सुटतात. खालच्या माणसावर शेकवायची रीत जुनीच.

पत्राचा घोळ मी एक वेळ समजून घेईन. पण थडग्यात ज्युलिएट जागी झाली, शेजारी रोमिओ मरून पडलेला, आणि पहाऱ्याची चाहूल लागताच हे लॉरेन्सबाबा तिला एकटीला सोडून बाहेर पडले. ते मला पटत नाही.

नात म्हणते, “आबा, परीक्षेत सगळ्यांवर थोडं थोडं वाटून लिहायचं, तेव्हा मार्क पडतात.” मग निदान व्हेरोनाच्या राजाचं तरी घ्या. वैराकडं डोळेझाक केली म्हणून माझेही दोन नातलग गेले, असं तो स्वतः बोलून जातो. मर्क्युशिओ आणि पॅरिस हे ते दोघं. गाईडच्या उत्तरात राजाचं नावसुद्धा नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही मराठी अर्थासाठी. बांधणी कच्ची आहे, पाचव्या अंकाची पानं सुटतात. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिलं, पण दुसरी प्रतही तशीच निघाली. घेणार असाल तर काउंटरवरच शेवटची पानं उघडून बघा.