पीएचक्यू-९ आणि जीएडी-७: मोबाईलवरच्या या दोन मोफत मानसिक चाचण्या किती कामाच्या?

गूगलवर ‘डिप्रेशन टेस्ट मराठी’ असं शोधलं की दहा ठिकाणी दहा नावांच्या चाचण्या दिसतात. कुणी रंगीत चेहरे लावलेले असतात, कुणी निकाल दाखवण्याआधी मोबाईल नंबर मागतं. आतले प्रश्न वाचले की लक्षात येतं, बहुतेक ठिकाणी माल एकच आहे: पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी. तिच्या जोडीला चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्नांची. डॉक्टर स्पिट्झर, क्रोएन्के आणि विल्यम्स यांच्या गटाने या अमेरिकेत तयार केल्या, पहिलीचा मुख्य अभ्यास २००१ चा, दुसरीचा २००६ चा. खर्च फायझर या औषध कंपनीने उचलला होता, पण दोन्ही वापरायला फुकट आहेत, परवानगी लागत नाही आणि मराठी भाषांतरंही उपलब्ध आहेत. त्यामुळे कुठलीही वेबसाइट यांचे पैसे मागत असेल तर सरळ बाहेर पडा.

आमचं मत आधीच सांगतो. नैराश्य किती आहे आणि उपचाराने ते हलतंय का, हे मोजायला पीएचक्यू-९ इतकं सोपं आणि भरवशाचं साधन दुसरं नाही. पण आजार कोणता आहे, हे ती सांगत नाही. घोळ होतो तो इथेच.

वापर असा. प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यांत’ याबद्दल असतात: कशात रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उलट तगमग होणं, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज जास्तीत जास्त २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. जीएडी-७ ची बेरीज २१ पर्यंत जाते आणि टप्पे ५, १० आणि १५ वर आहेत.

लोक चुकतात ते दिवस मोजताना. ‘निम्म्याहून जास्त’ म्हटलं की माणूस अंदाजाने टिक करतो, आणि अंदाज कालच्या दिवसावर बेततो. काल भांडण झालं असेल तर सगळीकडे ३. त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर समोर घ्या आणि मागचे १४ दिवस बोटाने मोजा: कुठल्या दिवशी झोप लागली नाही, कुठल्या दिवशी जेवण गेलं नाही. एक-दोन-पाच दिवस असतील तर १, आठ-नऊ असतील तर २, बारा-तेरा असतील तर ३. दोन मिनिटांचं काम पाच मिनिटांवर जातं, पण आकडा खरा येतो. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास असेल, रात्रपाळी सुरू असेल, घरात तान्हं बाळ असेल, तर भूक आणि झोपेच्या प्रश्नांचे गुण मनाच्या दुखण्यामुळे वाढलेले असतीलच असं नाही. ते चाचणीवरच पेनने लिहून ठेवा. सातव्या प्रश्नात पेपर वाचणं किंवा टीव्ही बघणं असं उदाहरण आहे. घरातल्या आजींना तो विचारताना ‘पोथी वाचताना किंवा मालिका बघताना मन भरकटतं का’ असं विचारलं तर उत्तर नीट मिळतं.

शेवटी एक बिनगुणांचा प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर सांभाळणं आणि लोकांशी वागणं किती अवघड झालंय. बऱ्याच वेबसाइट तो गाळतात. हा मोठा दोष आहे, कारण बेरीज ११ असून कामावर जाणारा माणूस आणि बेरीज ११ असून तीन आठवडे आंघोळीलाही न उठणारा माणूस यांना एकाच रांगेत बसवता येत नाही.

आता बेरीज १० आली म्हणजे नैराश्य झालं का? २००१ च्या अभ्यासात ६,००० रुग्ण होते आणि त्यांतल्या ५८० जणांची तज्ज्ञांनी वेगळी मुलाखत घेतली होती. दहाची रेषा धरली तर नैराश्य असलेल्या शंभरातले ८८ पकडले गेले, आणि नसलेल्या शंभरातले ८८ बरोबर सुटले. ऐकायला छान वाटतं. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांतलं, त्यात महाराष्ट्र नव्हता) प्रौढांमधलं त्या वेळचं नैराश्य २.७ टक्के निघालं. तो आकडा धरून १,००० लोकांना ही चाचणी दिली तर खरे रुग्ण २७, त्यांतले २४ पकडले जातील. उरलेल्या ९७३ जणांमधले साधारण ११७ उगाच अडकतील. म्हणजे १० च्या वर गेलेल्या १४१ जणांत खरे फक्त २४. याच चाचणीसाठी डॉक्टरांच्या ओपीडीत त्रास घेऊन आलेले शंभर जण बसवा, ज्यांत ३० जणांना खरंच नैराश्य आहे, तर १० च्या वर गेलेल्या दर चारांतले तीन खरे निघतात. चाचणी तीच, आकडेही तेच, फक्त भरणारे लोक वेगळे. म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही लिंक फिरवून ‘आमच्याकडे इतके जण डिप्रेशनमध्ये’ असं म्हणणं चूक आहे. वर गेलेला आकडा म्हणजे मुलाखत हवी, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मुलाखतीत डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतात ते उगाच नाही. थायरॉइड मंदावला की थकवा, सुस्ती, लक्ष न लागणं हे सगळं होतं आणि चाचणीत सहज आठ-नऊ गुण जमतात.

या चाचण्या काय विचारतच नाहीत, ते बघायला हवं. आमच्या मते कुटुंबांनी सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं.

पहिला बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय आजार. त्यातला उदास टप्पा पीएचक्यू-९ मध्ये हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, बेरीज १८-२० सहज येते. पण उन्मादाबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणून स्वतः विचारा: कधी चार दिवस किंवा आठवडाभर असं झालंय का, की तीन तास झोपूनही अंगात जोर होता, बोलणं थांबत नव्हतं, खर्च हाताबाहेर गेला, नवीन धंद्यांच्या योजना सुचत होत्या, आणि घरचे म्हणाले की हा असा नाही? माणसाला स्वतःला तो काळ आजार वाटत नाही, ‘तेव्हा मी फॉर्मात होतो’ असं वाटतं. म्हणून हा प्रश्न बायकोला, भावाला, आईला विचारायचा. उत्तर हो असेल तर डॉक्टरांना आधी हेच सांगा, कारण बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो. तिथे लिथियमसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं, आणि लिथियम घेताना रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावं लागतं.

दुसरा स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय होणारा आजार. विशीच्या आसपासचा मुलगा कॉलेज सोडतो, खोलीतून बाहेर येत नाही, मित्र तोडतो, अंगाला पाणी लावत नाही. घरात त्याला आळशी म्हणतात, नाहीतर ‘डिप्रेशन आलंय’ म्हणतात. चाचणी भरायला दिली तर बेरीज १२ येईल किंवा ३ सुद्धा. आवाज ऐकू येतात का, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटतं का, टीव्हीवरचे आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं का, हे त्यात कुठेच नाही. मुलगा एकटाच पुटपुटतो, खिडक्या झाकतो, आईने दिलेलं जेवण संशयाने बाजूला सारतो, असं काही दिसलं तर चाचणी बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. इथे उपचार जितक्या उशिरा सुरू होतात तितकं बरं होणं अवघड जातं, आणि अंगारे-धुपारे, बाबा-बुवा यांत गेलेले महिने परत मिळत नाहीत.

तिसरा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. जीएडी-७ मध्ये ‘काळजी थांबवता येत नाही’ असं आहे, पण हात किती वेळा धुतो, गॅस बंद आहे का हे किती वेळा बघतो, देवासमोर मनात घाण विचार येतात म्हणून किती वेळ माफी मागतो, हे नाही. अशा विचारांत आणि कृतींत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल तर आजाराची शंका घ्यावी. लाजेपोटी लोक हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत. यात औषध बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त डोसमध्ये लागतं आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. तीन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच.

दारूबद्दल तर दोन्ही चाचण्या गप्प आहेत. रोज पिणाऱ्याची बेरीज १६ आली तर त्यातला किती भाग दारूचा, हे पिणं थांबल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. पिणं किती आहे हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची वेगळी चाचणी आहे, तिथे ८ किंवा त्याहून जास्त आले की बोलायला हवं. मात्र वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

पॅनिक अटॅक जीएडी-७ अर्धवट पकडते. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, ‘आता मी जातो’ ही भीती, दहा मिनिटांत शिगेला. पहिल्यांदा असं झालं तर ईसीजी काढाच. ईसीजी दोन-तीन वेळा नॉर्मल आला आणि तरी दर आठवड्याला इमर्जन्सीत धाव होत असेल, तर पुढची पायरी मानसोपचाराची आहे. बाळंतिणीसाठी एडिंबरा नावाची दहा प्रश्नांची चाचणी वापरावी. बाळंतपणानंतर झोप आणि थकवा सगळ्यांचाच बिघडलेला असतो, त्या गोंधळातून ती वाट काढते.

नववा प्रश्न वेगळा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, अगदी १ आला तरी, एकूण बेरीज न बघता माणसाशी बोलायचं. प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आहेत, ‘मेलो तर बरं’ असं वाटणं आणि स्वतःला इजा करण्याचे विचार, त्यामुळे पुढे सरळ विचारावं लागतं: जीव द्यावा असं वाटतं का? कसं, कधी हे ठरवलंय का? विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते हा समज खोटा आहे. विचारल्यावर बरेच जण मोकळे होतात. ठरवलंय असं उत्तर आलं तर त्याला एकटं सोडू नका, शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. नववा प्रश्न भरल्यावर फक्त लाल रंगात ‘तीव्र’ असं दाखवून गप्प बसणाऱ्या वेबसाइट आम्हाला धोकादायक वाटतात. निकालाच्या पानावर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर असायलाच हवा. फोनवर मानसिक मदत देणारी ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, कॉल फुकट आणि मराठीत बोलता येतं.

उपचार सुरू झाल्यावर मात्र पीएचक्यू-९ खरी उपयोगी पडते. दर दोन ते चार आठवड्यांनी, त्याच वारी, त्याच वेळी भरा आणि तारीख टाका. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक, निम्म्यावर आली म्हणजे औषध लागू पडतंय, पाचच्या खाली म्हणजे आजार शमला. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढून जीएडी-७ चा आकडा वर जाऊ शकतो, त्याला घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. उलट अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या चिंता लगेच दाबणाऱ्या गोळ्यांनी आकडा दोन दिवसांत कोसळतो. ती गुंगी आहे, आजार गेलेला नाही, आणि या गोळ्यांची सवय लागते. आकडा पाचच्या खाली गेला तरी औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

डॉक्टरांकडे जाताना भरलेल्या चाचण्या तारखेनुसार, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (रक्तदाब, स्टिरॉइड, आयुर्वेदिक काढेसुद्धा), थायरॉइडचा रिपोर्ट आणि घरातलं एक माणूस बरोबर घ्या. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत चौकशी करा. भरती करावं लागलं तर महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा: याच २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, त्यामुळे क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा.