पातळ हिरडीवर कलम: टाळूतलं की तयार पडद्याचं?

माझ्या वरच्या दोन्ही सुळ्यांची मुळं उघडी पडली होती. ती झाकायला आधी डावीकडे तयार कोलाजेनचा (प्राण्यांच्या शरीरातल्या प्रथिनाचा) पडदा बसवून घेतला आणि दीड वर्षाने उजवीकडे कलम केलं, म्हणजे टाळूतून काढलेलं मांस मुळावर ठेवून वरून हिरडी शिवली. निवड करतानाची ओढाताण दोनदा सोसली, म्हणून लिहितो.

आधी आपली हिरडी कशी आहे ते तपासून घ्या. डॉक्टर बारीक प्रोब, म्हणजे मोजमापाची सळई, हिरडीच्या कडेत घालतात. त्याची करडी रेघ बाहेरून दिसली, की हिरडी पातळ, म्हणजे साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. माझी तशीच आहे. उघड्या मुळाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. त्यावर ठेवलेलं कलम सुरुवातीला वरून ओढून शिवलेल्या हिरडीच्या आणि आजूबाजूच्या रक्तावर जगतं. ओढलेली हिरडी ०.८ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता वाढते. त्यामुळे जाड हिरडीवाल्यांना पडदा पुरेसा ठरूही शकतो. दोन दातांमधलं हाड झिजलं असेल तर मात्र दोन्ही पद्धतींनी पूर्ण झाकलं जाणं अवघड. मिश्री-तंबाखूही आधी सोडावी लागते.

पडद्याचं सुख मोठं. टाळूला हात लागत नाही, मी चौथ्या दिवशी कामावर गेलो. पडद्याचा खर्च वेगळा पडला. यातले बरेच पडदे डुकराच्या कोलाजेनपासून बनतात. कुणाला ते चालत नसेल तर आधीच विचारावं.

टाळूचं कलम त्रासाचं, हे कबूल. कातडीखालचं मांस काढतात, कातडी परत शिवतात, तरी माझा पहिला आठवडा गुरगुट्या भात आणि ताकावर गेला. दुसऱ्या रात्री थोडं रक्तही आलं. टाळूवर बसणारी पातळ प्लेट डॉक्टरांनी आधीच करून दिली होती, तिने फार आधार दिला.

पण माझा कौल ठरला तो माठाच्या पाण्यावर. आठेक महिन्यांनी डावीकडची कड पुन्हा किंचित वर सरकली. आरशात नीट दिसतही नव्हती, पण पाण्याचा पहिला घोट घेतला की कळ थेट डोळ्यापर्यंत जायची. मी मान उजवीकडे कलती करून पाणी प्यायला लागलो. ब्रशही तिथे भीतभीत फिरवायचो. मग कीटण साचायचं, कड लाल व्हायची आणि आणखी सरकेल ही धास्ती. उजवीकडे आता चार वर्षं झाली. हिरडी बोटाला जाड लागते, ब्रश बिनधास्त फिरतो.

एका तोंडावरून नियम काढता येत नाही. मी उजव्या हाताने ब्रश करतो, त्यामुळे डावीकडे जोर जास्त पडत असेल. खालच्या पुढच्या दातांचा प्रश्न निराळा. तिथे घट्ट हिरडीच उरली नसेल तर टाळूची कातडीसकट चकती लावतात. ती फिकट ठिगळासारखी दिसते, पण ओठाआड झाकली जाते.

माझ्या धाकट्या बहिणीची हिरडी माझ्यासारखीच पातळ आहे. तिला गेल्या महिन्यात मी एवढंच सांगितलं, की टाळूची जाडी मोजून घे, आणि ती पुरेशी असली तर प्लेट ऑपरेशनच्या आधीच करून ठेव.