कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला नवा कोच : चार पर्याय, पारखून

पेठेतल्या एका जुन्या कॉलेजचा संघ यंदाही पुणे शहर विभागाच्या पुढे सरकला नाही. तेव्हापासून कोर्टाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माजी खेळाडूंमध्ये आणि समर्थकांमध्ये एकच वाद चालू आहे : सर बदलायचे का, आणि बदलायचे तर कोणाला आणायचं? चार नावं सारखी पुढे येतात. ती इथे देत नाही, कारण त्या नावांमागे कोचचे चार प्रकार आहेत आणि पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांपुढे फिरून फिरून हेच चार असतात. प्रत्येकाकडून संघाला काय मिळतं, कुठे कमी पडतं आणि कशामुळे, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे.

आधी सध्याच्या सरांबद्दल, कारण पायऱ्यांवर त्यांच्यावर होणारी टीका अर्धीच खरी आहे. त्यांच्या हाताखालची मुलं दमत नाहीत. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचे फेरे, कोर्टवरच्या स्प्रिंट, वेळेवर हजेरी यांत कसूर नाही. १० मिनिटांच्या चौथ्या क्वार्टरमध्येही पोरं पहिल्यासारखी पळतात. संघ हरतो तो बाकावरून, म्हणजे कोचच्या निर्णयांमुळे.

पहिला दोष बचावाचा. संपूर्ण ४० मिनिटं २-३ झोन : दोघं वर, तिघं रिंगकडे, आणि प्रत्येकाने माणूस नव्हे तर आपला भाग राखायचा. कॉलेज पातळीवर हा झोन चालतो, कारण लांबून खात्रीने टाकणारे खेळाडू बहुतेक संघांकडे एक-दोनच असतात. पण त्या एक-दोघांचे शॉट ज्या दिवशी लागतात त्या दिवशी काय? थ्री पॉइंटची रेषा समोर ६.७५ मीटरवर असते, कोपऱ्यात ६.६० वर. समोरचा शूटर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला की झोनच्या खालच्या ओळीतला बाजूचा खेळाडू बाहेर ओढला जातो आणि रिंगखाली मधला एकटा उरतो. त्यातच एकाने फ्री थ्रो लाइनजवळ येऊन बॉल मागितला की वरच्या दोघांना कोणाकडे जावं ते कळत नाही. झोनमधला रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, हेही अवघड. मॅन टू मॅनमध्ये समोर आपला माणूस असतो, त्याला पाठीवर घेऊन बॉक्स आउट करायचं एवढं स्पष्ट असतं. झोनमध्ये सगळे बॉलकडे बघत राहतात आणि मागून आलेला उडी मारून नेतो. उपाय नवे नाहीत : बास्केट झाली की मॅन टू मॅन, टाइमआउटनंतर झोन, किंवा कोपऱ्यातल्या शूटरवर एक माणूस चिकटवून उरलेल्या चौघांचा चौकोन. मात्र यातला एकही उपाय सामन्याच्या दिवशी सांगून जमत नाही. त्याला किमान तीन आठवड्यांचा सराव लागतो.

दुसरा दोष जास्त महागात पडला : प्रेस, म्हणजे समोरच्यांनी कोर्टभर आणलेला दबाव, फोडता न येणं. आपण बास्केट खाल्ली की समोरचे १-२-१-१ अशा रचनेत प्रेस लावतात, बेसलाइनवरचा (रिंगमागच्या रेषेवरचा) पहिला पास मुद्दाम कोपऱ्यात जाऊ देतात आणि तिथे दोघं मिळून कोंडतात. हाफ लाइन ओलांडायला ८ सेकंद असतात. त्यात ‘ड्रिबल करत निघ’ ही सूचना आली की टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्याकडे जाणं, ठरलेला. कोंडलेल्या खेळाडूला चार रस्ते दिसले पाहिजेत : एक जण बॉलच्या मागे, एक मधोमध, एक त्याच साइडलाइनवर पुढे, एक पार लांब. चौघांपैकी मधोमध धावत येणारा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या हातात बॉल गेला की प्रेस तुटली. याचा सराव असा : पाच विरुद्ध सात, पाचांना ड्रिबल बंद, फक्त पास. १० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. सातांविरुद्ध सुटायची सवय झाली की सामन्यातले पाच कमी वाटू लागतात.

टाइमआउटचा हिशेब हा तिसरा दोष, आणि तो तर कागद-पेन्सिलीने सुटणारा आहे. पहिल्या हाफमध्ये दोन मिळतात, न वापरलेले पुढे जात नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये तीन मिळतात, पण चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं लागली की त्यांतले जास्तीत जास्त दोनच घेता येतात. तीनही शिलकीत ठेवणारा कोच एक फुकट घालवतो. त्या शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या अर्ध्यात बॉल आपला असताना टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) पुढच्या अर्ध्यातून घ्यायची मुभा कोचला असते. मागता येतं हेच माहीत नसेल तर खेळाडू ८ सेकंदांची शर्यत उगाच पळतात. पुढे गेल्यावर मात्र शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) जास्तीत जास्त १४ सेकंद मिळतात, म्हणून आधीच्या २४ सेकंदांच्या चाली तिथे उपयोगी नाहीत. थ्रो-इनवरून थेट शॉट काढणाऱ्या दोन चाली पाठ हव्यात.

आणि फाऊल. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. ही मोजणी बाकावर कोणी करतच नसेल तर पोरं चौथ्या फाऊलनंतरही हात घालत राहतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कोणी सांगितलेलंच नसतं.

‘अजून एक वर्ष द्या’ म्हणणारा गट आहे आणि त्यांचा दाखला तगडा आहे. पहाटे उठून अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्यांना माईक शशेवस्कींचं उदाहरण पाठ असतं. १९८० मध्ये ते ड्यूक विद्यापीठात कोच म्हणून आले, पहिल्या तीन मोसमांत ३८ विजय आणि ४७ पराभव, समर्थक हकालपट्टी मागत होते. १९८४ मध्ये विद्यापीठाने उलट त्यांचा करार वाढवला. १९९१ मध्ये पहिलं विजेतेपद आलं आणि २०२२ मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर पाच विजेतेपदं होती. पण त्या पराभवांच्या काळातही बदलाची खूण दिसत होती : १९८२ मध्ये जॉनी डॉकिन्ससारखे खेळाडू त्यांनी स्वतः निवडून आणले होते. आपल्याकडे कोचला खेळाडू निवडून आणता येत नाहीत. प्रवेशाच्या यादीतून जी मुलं येतात त्यांच्यावर काम करायचं, तेही पदवीच्या तीन-चार वर्षांत. त्यामुळे आपल्याकडे खूण वेगळी शोधावी लागते. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला असलेला मुलगा यंदा डाव्या हाताने ले-अप (रिंगजवळ पळत जाऊन टाकायचा शॉट) टाकतो का? प्रेस लागल्यावर मान वर करून बघतो का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असं येत असेल तर आणखी एक वर्ष देण्याने त्या मुलाचं एक वर्ष जातं.

आता चार पर्याय.

पायऱ्यांवर सर्वांत जास्त मतं आहेत ती राज्य किंवा देशपातळीवर खेळलेल्या खेळाडूला. पुण्याला अशा नावांची कमी नाही. भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेल्या शिरीन लिमये याच शहरातल्या. मोठा खेळाडू कोर्टवर आला की मुलांची पाठ आपोआप ताठ होते, नव्या मुली संघाच्या चाचणीला येतात, जिमखान्याची समितीही पैशांबाबत हात सैल सोडते. अडचण दोन ठिकाणी येते. नोकरी, स्वतःचे सामने, शिबिरं यांमुळे आठवड्यातले सहा दिवस त्याच्याकडे नसतात. दुसरं असं की ज्याला गोष्टी अंगभूत जमल्या त्याला त्या तोडून सांगणं बऱ्याचदा जड जातं. ‘असं कर’ म्हणून तो करून दाखवतो, सुंदरच करतो, आणि बघणाऱ्याचा पाय तरी चुकतोच. तपासायचं असेल तर संघातले सर्वांत कच्चे तीन खेळाडू अर्धा तास त्याच्या हवाली करा. त्यांच्यात फरक पडला तर तो कोच आहे. पडला नाही तर महिन्यातून एकदा पाहुणा म्हणून बोलवा, त्याचा फायदा खरोखर होतो.

दुसरा, पटियाळ्याच्या एनआयएसचं (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं) प्रशिक्षण घेतलेला. इथे आधी प्रमाणपत्र नीट वाचा. डिप्लोमाचा अभ्यासक्रम आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बोलताना दोघंही ‘एनआयएस’ एवढंच म्हणतात. डिप्लोमावाला मोसमाची आखणी चांगली करतो : ताकद कधी, वेग कधी, सामन्याच्या आठवड्यात ओझं किती कमी करायचं. गुडघे आणि घोटे धरलेली मुलं त्याच्याकडे कमी दिसतात, आणि सिमेंटच्या कोर्टवर ही बाब मोठी आहे. उणीव अशी की त्याची आखणी अनेकदा लाकडी फ्लोअरचा हॉल रोज मिळणार असं धरून केलेली असते. पुण्यात मोसमाची तयारी ऐन पावसाळ्यात येते. उघड्या कोर्टवर शेवाळ धरतं, ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तरी दोन दिवसांत पुन्हा हिरवं होतं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात हॉल आहे, पण सकाळी साडेसातच्या लेक्चरला पेठेत परतायचं असेल तर तो नसल्यासारखाच. म्हणून मुलाखतीत एकच प्रश्न विचारा : सलग चार दिवस पाऊस पडला तर काय घ्याल? ‘सुट्टी’ किंवा ‘जिम’ हे उत्तर पुरेसं नाही. कॉलेजच्या सभागृहात जमिनीवर चिकटपट्टीने कोर्टच्या खुणा करून, बॉलला टप्पा न देता फक्त हातातून हातात देत झोनची फिरत आणि थ्रो-इनच्या चाली बसवता येतात. हे ज्याला आपणहून सुचतं त्याला झुकतं माप द्यावं.

तिसरा पर्याय, खासगी अकादमीशी करार, याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वैयक्तिक कौशल्य उत्तम करून घेतात, बॉल भरपूर असतात, हिशेब चोख. पण त्यांची पद्धत लहान मुलांच्या बॅचसाठी बेतलेली असते, शनिवार-रविवारी त्यांचाच धंदा असल्यामुळे त्या दिवशीच्या सामन्याला कोच मिळत नाही, आणि दर दोन महिन्यांनी माणूस बदलतो. करार केलाच तर त्यात एका कोचचं नाव आणि सामन्याला हजर राहण्याची अट लिहून घ्या.

चौथा म्हणजे संघाचाच जुना खेळाडू. इथे ‘आपल्या मातीतला’ एवढ्यावर भाळू नये. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने २०२१ मध्ये माईक वुडसन या स्वतःच्या जुन्या खेळाडूला आणलं. २०२५ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. ड्यूकने २०२२ मध्ये जॉन शायर या स्वतःच्याच खेळाडूकडे संघ सोपवला आणि २०२५ मध्ये संघ अंतिम चारांत पोचला. दोघंही घरचेच. पण शायर त्याआधी आठ-नऊ वर्षं त्याच बाकावर सहायक म्हणून बसले होते. आपल्या चर्चेतला चौथा उमेदवार शायर यांच्या जातीचा आहे. तो तीन मोसम सरांच्या शेजारी बसून वहीत फाऊल, टर्नओव्हर, कोणत्या कोपऱ्यातून किती शॉट गेले हे लिहीत आला आहे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ती वही टाइमआउटमध्ये कोणी उघडली नाही, हीच या संघाची खरी गफलत. त्याला मोठी स्पर्धा खेळल्याचा अनुभव नाही, आवाज लहान आहे, पंचांशी बोलताना तो बिचकतो. हे दोष एका मोसमात कमी होतात. वहीची सवय बाहेरून आणता येत नाही.

आमची पसंती त्यामुळे चौथ्याला, सोबत दुसऱ्याचं बळ घेऊन : मोसमाआधीचे सहा आठवडे डिप्लोमावाल्या कोचकडून आखणी आणि तयारी करून घ्यायची, संघ मात्र वहीवाल्याच्या हाती. सध्याच्या सरांकडे फिटनेस राहावा. ते ‘सर’च राहतील, मुलं त्यांना मानतात, आणि त्यांचं ते काम दुसरा कोणी त्यांच्याइतकं चांगलं करणार नाही.

समितीला हे पटत नसेल तर निदान चौघांना प्रत्येकी ९० मिनिटांचं एक सत्र द्यावं आणि बाजूला घड्याळ घेऊन बसावं. बघायचं एवढंच की खेळाडू रांगेत किती वेळ उभे राहतात. १२ जण एका बॉलवर ले-अप घेत असतील आणि एकाला ५ सेकंद लागत असतील, तर प्रत्येकाचा नंबर मिनिटातून एकदाच येतो. १० मिनिटांत १० ले-अप. तेच सहा बॉल आणि दोन्ही रिंग वापरून चौपट होतात. चांगला कोच फ्री थ्रो शेवटी एकगठ्ठा घेत नाही. दमवणाऱ्या प्रत्येक ड्रिलनंतर दोन-दोन टाकायला लावतो, कारण सामन्यात फ्री थ्रो धापा टाकतानाच घ्यावा लागतो. सत्र संपल्यावर एखाद्या राखीव खेळाडूला विचारा, आज काय शिकवलं? त्याला दोन वाक्यांत सांगता आलं तर सत्र चांगलं झालं.

करार जूनच्या आधी व्हावा. त्यात सकाळचे सहा दिवस, सामन्याला हजेरी, बाकावर नोंद ठेवणारा एक विद्यार्थी आणि मुलांसाठी ७ नंबरचे, मुलींसाठी ६ नंबरचे किमान सहा-सहा बॉल हे लिहिलेलं असावं. सिमेंटवर रबरी बॉल टिकतात, पण सामन्याआधीचे दहा दिवस सामन्यात वापरतात तेच बॉल द्यावेत, पकड वेगळी असते. आणि बॉलच्या कपाटाची एक किल्ली कोचकडे हवी. सकाळी सहाला शिपायाची वाट बघण्यात या संघाची रोज वीस मिनिटं जातात.