चार इंजेक्टरचं बिल लावलं, रेलचा बोल्टही उघडला नाही

₹३४,४७०. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरात तो सांगताना माझी जीभ अडखळली होती. एवढे मोजून गाडी जशी नेली तशीच परत आणली. गॅरेज सांगली-मिरज रस्त्याच्या आसपासचं. नाव घेत नाही, तक्रार चालू आहे.

गाडी २०१७ ची, पेट्रोलवर. दुखणं असं, की सकाळी सेल्फ खणखणीत फिरायचा पण गाडी उचलायची नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एकदाची भुरकन चालू व्हायची. मधे काही दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. भर दुपारी उन्हात अर्धा तास लावून आलं की तेव्हाही नाटकं. चालू झाल्यावर मात्र पिकअप, ॲव्हरेज, कशातच खोट नाही.

गॅरेजवाला गोड बोलणारा. 'साहेब' शिवाय तोंड उघडत नव्हता. आधी म्हणाला बॅटरी, ₹५,४००. सेल्फ जोरात फिरतोय तर बॅटरी कशाला, हे मी तिथल्या तिथे विचारलं होतं, याची नोंद असू द्या. उत्तर आलं, "साहेब, सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं, ईसीएम झोपतो." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मग प्लग ₹१,१२०, थ्रॉटल बॉडी साफ केली त्याचे ₹८५०, स्कॅनर लावला त्याचे ₹१,२००. गाडी पुन्हा अडली तेव्हा खरा डाव टाकला. "ई२० पेट्रोलनं इंजेक्टर खाल्लेत साहेब, चारही बदलावे लागतील." इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी. ₹३,२०० चा एक, म्हणजे ₹१२,८००. वर ईसीएम रिप्रोग्रामिंगचे ₹९,५०० आणि लेबर ₹३,६००. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यावरून तेव्हा जिथेतिथे बोंबाबोंब चालू होती आणि माझी गाडी २०२३ च्या, म्हणजे ई२० यायच्या आधीची. कुणालाही पटेल असंच तो बोलत होता. मलाही पटलं, यात मी काही जगावेगळा मूर्ख ठरत नाही.

पुरावा म्हणून मोबाइलवर स्कॅनरचा फोटो दाखवला, कोड पी००८७, इंधनाचं प्रेशर कमी. फोटोत गाडीचा नंबर नव्हता. पुढे कळलं, की माझ्या गाडीच्या रेलवर, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवर, प्रेशर सेन्सरच नाही. जो सेन्सर नाही तो कोड कुठून देणार? फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. स्कॅनर आपल्या गाडीला लावलेला असताना समोर उभं राहून बघा, नंबर प्लेटसकट आपल्या मोबाइलमध्ये व्हिडिओ घ्या. ज्याला याचा राग येतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आता जी गोष्ट आठवली की अजून झोप उडते ती.

गाडी मला परत द्यायच्या दिवशी गॅरेजचा पोऱ्या आत बसला. चावी ऑन केली, सेल्फ मारला नाही. मागच्या सीटखालून 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येऊन थांबला. चावी बंद. पुन्हा ऑन, पुन्हा घूंऽऽ, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. मग सेल्फ मारला आणि गाडी टिचकीत चालू. मालक हसून म्हणाला, "बघा साहेब, एका सेल्फमध्ये." आणि मी, ज्याची अख्खी नोकरी पंपाच्या कारखान्यात गेली, तिथे मान डोलावून ₹१०,००० चा ॲडव्हान्स वजा करून उरलेले ₹२४,४७० पाठवले. तेही भलत्याच नावाच्या यूपीआयवर, "भावाचा नंबर आहे, तोच चालतो" म्हणाला म्हणून.

टाकीतला पंप चावी ऑन केली की दोनेक सेकंद चालतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. गाडी बंद केल्यावर ते प्रेशर धरून ठेवायला एक नॉनरिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो गळका झाला की पेट्रोल टाकीत परत जातं आणि सकाळी लाइन रिकामी. विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गळतो तेव्हा काय होतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पोऱ्या तीनदा चावी फिरवून लाइन भरत होता. म्हणजे खोट कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! न कळून चुकीचे पार्ट बदलणारा मेकॅनिक मी समजू शकतो. यांनी कळून लपवलं. त्या क्षणी माझ्या कानावर तो आवाज तीनदा पडला होता. पण गाडी बघायची, बिल बघायचं, की पोऱ्याचा हात बघायचा?

दुसऱ्याच सकाळी गाडी परत अडली. शेवटी मिरजेतल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली. त्यानं स्कॅनर काढलाच नाही. लाइनला कॉक असलेलं प्रेशर गेज जोडलं. गाडी चालू असताना काटा तीन बारच्या आसपास. बंद केली आणि आमच्या डोळ्यांदेखत काटा खाली घसरत शून्यावर. पुन्हा प्रेशर भरलं आणि या वेळी गाडी बंद करताच टाकीकडचा कॉक बंद केला. काटा जागचा हलेना. म्हणजे इंजेक्टर धरून होते, गळती टाकीकडे. हे सगळं चहा यायच्या आत. मग त्यानं टॉर्च मारून रेलचे बोल्ट दाखवले. कंपनीतून येताना बोल्टावर ओढलेली पिवळी रेघ कुठेही तुटलेली नव्हती. रेल सैल केल्याशिवाय इंजेक्टर निघत नाहीत. चारपैकी एकालाही कुणी हात लावलेला नव्हता.

व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, पंपाची असेंब्लीच बदलावी लागली. ₹६,८५० आणि मजुरी ₹७००. त्यानंतर गाडी एकदाही अडलेली नाही.

जुने पार्ट मागून घ्या, बिल देण्याआधी. मी मागितले तर "भंगारात गेले साहेब". बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहायला पैसे पडत नाहीत. माझ्या बिलावरचा तर रद्द झालेला निघाला.

आणि आता आपली व्यवस्था. चौकीत गेलो. समोरच्या साहेबांनी बिल उलटंसुलटं पाहून विचारलं, "गाडी चालू आहे ना?" म्हटलं, आहे. "मग फसवणूक कुठं झाली? ही दिवाणी बाब आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." न बदललेल्या वस्तूचे पैसे घेणं ही दिवाणी बाब! फसवणुकीचं जुनं कलम ४२० गेलं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१८ आलं, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "काका, वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी परत गेलो तर तो अर्ज "दुसऱ्या टेबलावर". त्या टेबलावरचा माणूस बंदोबस्ताला. कराच्या कार्यालयात रद्द नंबरचं बिल दाखवलं, तर त्यांनी ते माझ्याचकडे सरकवून सांगितलं, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं. काही दिवसांनी तक्रार 'निकाली' असा मेसेज आला. काय निकाली काढलं, कुणाला विचारलं, देव जाणे. मला तर एक फोनही आला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. फिटरकडून गेजच्या तपासणीचं लेखी आणि बोल्टांचे फोटो तारखेसह जोडलेत. तुम्ही पंप बदलण्याआधीच फोटो काढून ठेवा, नंतर काही सिद्ध करता येत नाही.

मधे गॅरेजवाल्याचा निरोप आला, ₹८,००० घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. आयोगाची नोटीस त्याच्या पत्त्यावरून 'लेफ्ट', म्हणजे जागा सोडून गेला, असा शेरा मारून परत आली आहे. गॅरेज रोज सकाळी दहाला उघडतं.