तळमजल्यावर पाळणाघर, वर ऑफिस: गंगापूर रस्त्यावरील एका केंद्राचे परीक्षण

संगणकक्षेत्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या किंवा घरून नोकरी करणाऱ्या आयांसाठी नाशिकच्या गंगापूर रस्ता परिसरात एक केंद्र चालते. वरच्या मजल्यावर कामाची टेबले आणि तळमजल्यावर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे पाळणाघर अशी त्याची रचना आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राचे नाव आणि नेमका पत्ता समाजमाध्यमांवर लिहू नये, अशी चालक बाईंची सर्व सभासदांना विनंती असते. ती मला रास्त वाटते, म्हणून या परीक्षणात नाव नाही. मी येथे गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून येते. द्राक्षबागायतदारांना छाटणीच्या आणि फवारणीच्या नोंदी ठेवता याव्यात यासाठीचे एक ॲप आम्ही दोघी मैत्रिणी चालवतो, आणि त्याचा खर्च निघावा म्हणून अमेरिकेतल्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर तपासून देतो. माझी मुलगी आता दोन वर्षांची होईल.

अशा जागेची गरज का पडते, हे कायदा वाचला की लक्षात येते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन येण्याची मुभा दिली. ही मोठीच गोष्ट होती. परंतु दहा-बारा माणसांच्या कंपनीत कोड लिहिणारीला त्यातले पाळणाघर मिळत नाही, आणि जी स्वतःच कंपनीची मालक आहे तिला तर रजा देणारेच कोणी नसते. बाळंतपणानंतर तिने लॅपटॉप कधी उघडायचा हे तिचे ग्राहक ठरवतात. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, स्त्री-पुरुषांच्या कमाईतली आजची तफावत बव्हंशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते, आणि ज्या कामांत अवेळी व सलग हजर राहण्याचा मोबदला जास्त मिळतो तेथे ती सर्वाधिक असते. आमचे क्षेत्र नेमके असेच आहे. म्हणून टेबलांची, इंटरनेटची आणि कॉफीची चौकशी करण्याआधी मी या केंद्राला एकच प्रश्न लावून पाहिला: येथे मुले सांभाळणे हे मुख्य काम समजले जाते, की टेबलांचे भाडे वाढवण्यासाठी जोडलेली एक सोय?

पाळणाघराची खोली पाहिली तर उत्तर पहिल्या बाजूने मिळते. दीड वर्षाखालच्या चार मुलांमागे एक ताई आणि त्यापुढच्या आठ मुलांमागे एक ताई, हे प्रमाण मी आजवर मोडलेले पाहिले नाही. एखादी ताई रजेवर असली तर चालक बाई स्वतः खाली येऊन बसतात. प्रत्येक मुलाची एक दोनशेपानी वही असते. त्यात दूध किती वाजता व किती घेतले, झोप कधी लागली, शी कशी झाली, औषध दिले असल्यास कोणी दिले, हे सारे निळ्या शाईने लिहिलेले असते, आणि ताप असला तर तेवढी ओळ लाल शाईने. हेच काम ॲपवर करून देण्याची तयारी आमच्यातल्या एकीने दाखवली होती. चालक बाईंनी नकार दिला, कारण ताईंच्या हातात दिवसभर मोबाइल नको. मला तो नकार फार आवडला. संध्याकाळी वही हातात देताना ताई तोंडीही सांगतात: "ताई, आज पोळीभाजी पूर्ण खाल्ली तिने, पण दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही. आज लवकर पेंगेल, जेवण सातच्या आत उरका." या दोन वाक्यांवर माझी संध्याकाळची आखणी होते, आणि ग्राहकाला कोणत्या वेळी फोन करायचा हेही त्यावरून ठरते.

जेवण साधे आणि ताजे असते: सकाळी नाचणीचे सत्त्व किंवा उपमा, दुपारी वरणभात-तूप आणि एक भाजी, चार वाजता फळ. रडणाऱ्या मुलासाठी लगेच आईला बोलावले जात नाही. पंधरा मिनिटे ताई स्वतः प्रयत्न करतात आणि मगच वर निरोप येतो. नव्या आयांना हा नियम सुरुवातीला कठोर वाटतो. परंतु दर पाच मिनिटांनी आई खाली धावू लागली तर मूल रमत नाही आणि कामही होत नाही, त्यामुळे मी या नियमाच्या बाजूने आहे. अंगावर पिणाऱ्या मुलांना तो लागू नाही, त्यांच्या आईला भूक लागल्याबरोबर कळवतात, आणि पाजण्यासाठी आतून कडी लागणारी, पंखा असलेली वेगळी खोली आहे. पावसाळ्यात हँड-फूट-माऊथची साथ आली तेव्हा दोन मुलांच्या तळहातांवर फोड दिसताच त्याच दिवशी सर्वांना कळवले गेले आणि खेळणी धुऊन वाळवण्यासाठी खेळघर बंद ठेवले गेले. फी बुडेल या भीतीने साथ लपवणारी पाळणाघरे असतात, म्हणून हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

वरच्या मजल्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत, खुर्च्या पाठीला बऱ्या आहेत, फोनवर बोलण्यासाठी केबिन मात्र दोनच आहेत आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी नंबर लावावा लागतो.

विजेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा वरचा सगळा मजला इन्व्हर्टरवर चालू राहायचा, पण तळमजल्यावरचा फ्रिज त्याला जोडलेला नव्हता. त्या फ्रिजमध्ये आयांनी काढून ठेवलेले दूध असते. असे दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, पण बाहेर साधारण २५ अंश तापमानात चार तासच, आणि नाशिकचा एप्रिल-मे त्याहून कितीतरी गरम असतो. राउटर चालू ठेवायचा आणि दूध नासू द्यायचे, हा क्रम कोणी मुद्दाम ठरवला नव्हता. वायरिंग करताना विचारच झाला नव्हता. पण ज्या जागेचे सारे वेगळेपण पाळणाघरात आहे, तेथे इन्व्हर्टरची पहिली तार फ्रिजला जायला हवी होती. आम्ही तिघी-चौघींनी लेखी कळवल्यावर आठवड्याभरात जोडणी झाली. आता दाराजवळ फ्रिजच्या तापमानाचा तक्ता लावलेला असतो.

माझी सर्वांत मोठी आणि अजून न सुटलेली तक्रार वेळेची आहे. पाळणाघर संध्याकाळी साडेसातला बंद होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाची सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहाला असते. मुलगी खाली खेळत असते आणि सातपर्यंत बैठक संपते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथली घड्याळे एक तास मागे जातात, आपली जात नाहीत, आणि तीच बैठक साडेसातवर येते, ती थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. म्हणजे बैठक सुरू होण्याच्या क्षणाला पाळणाघराचे दार बंद होते. आमच्या बागायतदार ग्राहकांचा हंगामही तेव्हाच भरात असतो: जानेवारीपासून काढणी सुरू होते, युरोपला जाणाऱ्या मालासाठी ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर बाग नोंदलेली आणि फवारणीची प्रत्येक नोंद चोख लागते, आणि शेतातून परतलेला माणूस ॲपमधली अडचण सांगायला संध्याकाळीच फोन करतो. जादा वेळ मागितल्यास तासाला १५० रुपये घेऊन साडेआठपर्यंत मूल ठेवतात, पण आदल्या दिवशी सांगावे लागते आणि ताई तयार असली तरच. येथील निम्म्याहून अधिक सभासद परदेशी ग्राहकांचे काम करतात हे ठाऊक असताना, नोव्हेंबर ते मार्च या काळासाठी संध्याकाळची वेगळी पाळी नेमणे मला अपरिहार्य वाटते. त्यासाठी फी वाढवावी लागली तर ती द्यायला आम्ही तयार आहोत, हेही आम्ही कळवले आहे. ताईंनी मात्र ओढूनताणून उशिरापर्यंत थांबावे अशी माझी मागणी मुळीच नाही. त्याही आया आहेत; त्यांच्यापैकी दोघींची मुले याच पाळणाघरात विनाशुल्क असतात, आणि हा नियम मी इतर कोठे पाहिलेला नाही.

दुसरा दोष नोंदणीच्या अर्जात आहे. त्यावर आईचे नाव, आईचा मोबाइल, आईच्या कार्यालयाचा पत्ता एवढेच रकाने आहेत, आणि वडिलांसाठी 'मुलाला नेणारी अन्य व्यक्ती' या सदरात एक ओळ. परिणामी मुलाला ताप आला की पहिला फोन आईला, दुसराही आईलाच. माझा नवरा सातपूरला कामाला आहे, तो पंधरा मिनिटांत पोहोचू शकतो, तरी बैठक सोडून उठावे लागते ते मला. सभासदत्व स्त्रियांपुरते ठेवण्यामागचे कारण मला पटते, पण मुलाची जबाबदारीही त्यांच्यापुरतीच आहे असे अर्जाने सुचवू नये.

व्यवसायासाठी होणारी मदत हा या केंद्राचा असा भाग आहे, ज्याची जाहिरात कोठेच दिसत नाही. केंद्राच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करण्यासाठी लागणारे संमतिपत्र मिळते. दर गुरुवारी दुपारी एक चार्टर्ड अकाउंटंट बाई येऊन बसतात आणि सभासदांना वेगळे शुल्क न घेता सल्ला देतात. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत होते, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना त्यांच्याकडून कळले. काहींनी त्यासाठी दलालांना पैसे मोजलेले होते. राज्य सरकारच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेचा अर्जही त्यांनीच समजावून दिला: कंपनीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के, वार्षिक उलाढाल १० लाख ते १ कोटी रुपये, आणि मिळणारे अर्थसाहाय्य १ ते २५ लाख रुपयांपर्यंत. बँकेत कर्जाच्या चौकशीसाठी गेलो तेव्हा एका अधिकाऱ्याने मला "मूल एवढे लहान आहे, मग कंपनी कोण बघणार?" असे विचारले होते. माझ्या भागीदार मैत्रिणीच्या शेजारी बसलेल्या तिच्या भावाला, जो कंपनीत नाहीच, त्याला मात्र उलाढालीचे प्रश्न विचारले गेले. त्या दिवशी येथे परतल्यावर दोन जणींनी कागद पुन्हा लावून दिले, तिसरीने दुसऱ्या शाखेचे नाव सुचवले, आणि कर्ज तेथून झाले. शेजारच्या टेबलावर आपल्यासारखीच अडचण पार केलेली बाई बसलेली असणे, याचे मोल कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते.

दरपत्रक असे: टेबलाचे महिन्याला ५,५०० रुपये, पाळणाघराचे ७,५०० रुपये, जेवण त्यातच. नुसते पाळणाघर घेता येत नाही. नाशिकच्या मानाने ही रक्कम जास्त आहे, आणि नव्याने सुरुवात करणारीला पहिले काही महिने ती जड जाईल. अर्धवेळ टेबलाचा पर्याय असायला हवा, तो नाही. मी पाचपैकी चार गुण देईन, आणि राखून ठेवलेला गुण हिवाळ्यातल्या संध्याकाळच्या पाळीसाठी आहे.

पाहायला जायचे असेल तर सकाळी जाऊ नये, तेव्हा सगळीच पाळणाघरे नीटनेटकी दिसतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास जावे, मुले कंटाळलेली असतात तेव्हा खोलीत किती ताया आहेत ते मोजावे, वहीचे त्या दिवसाचे पान दाखवायला सांगावे आणि जादा वेळेचा नियम लेखी मागून घ्यावा. मुलासह एक दिवस मोफत राहून पाहता येते. तो दिवस आपल्या सर्वांत उशिराच्या बैठकीचा निवडावा.